टर्बाइन हेल्दी आहे

अण्णांच्या जगाला दोन सरहद्दी आहेत. एकीकडे वाफेच्या पाइपचा फ्लँज, दुसरीकडे जनरेटरचं कपलिंग. या दोहोंच्या मधलं जे काही ते टर्बाइन, आणि टर्बाइन म्हणजे अण्णा. फ्लँजच्या पलीकडे बॉयलरवाले नांदतात, कपलिंगच्या पलीकडे इलेक्ट्रिकलवाले. माणसं दोन्हीकडची चांगली, लग्नामुंजीला आवर्जून येणारी. पण बिघाड म्हणून जो काही होतो तो त्यांच्याच मुलखात होतो. वाफ ओली आली असेल, प्रेशर पडलं असेल, कुणी एकदम लोड टाकला असेल, फार तर ग्रिडची फ्रिक्वेन्सी घसरली असेल. टर्बाइन मात्र हेल्दी. हा त्यांचा आवडता शब्द. स्वतःची साखर वाढल्याचा रिपोर्ट आला तेव्हाही ते म्हणाले होते, "मशीन हेल्दी आहे, फ्यूएलची क्वालिटी बघा." वहिनींनी त्या दिवसापासून घरात गूळ आणणं बंद केलं.

असा माणूस प्रत्येक कचेरीत असतो. आमच्या बँकेत त्याला 'हे आमच्या टेबलाचं नाही'वाला म्हणत. फरक एवढाच, की बँकवाला निवृत्त झाला की त्याचं टेबल सुटतं. अण्णांनी ते घरी आणलं.

नोकरी औष्णिक वीज केंद्रांतली. परळी, भुसावळ असं करत शेवटी नाशिकजवळ एकलहरे. २१० मेगावॅटच्या संचावर आयुष्य गेलेलं. मिनिटाला ३००० फेरे, पाचशे अंशांच्या वरची वाफ. २००५ साली वीज मंडळाच्या निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण अण्णा अजून 'बोर्ड'च म्हणतात. या वाटणीवर मात्र ते खूश होते. पूर्वी दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं म्हणजे एकाच छपराखाली दाखवावं लागे, आता दुसऱ्या कंपनीकडे दाखवता येतं.

तर यांची नात मनू. आठवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला काहीतरी करायचं होतं. बाकीच्या मुली ज्वालामुखी करणार होत्या. अण्णा म्हणाले, "ज्वालामुखी काय, खायचा सोडा कुणीही ओततं. आपण पॉवर हाऊस करू." कूकर म्हणजे बॉयलर, पत्र्याचं चाक म्हणजे टर्बाइन, खेळण्यातल्या गाडीची मोटर उलटी फिरवली की जनरेटर. त्यावर एक लाल एलईडी लागला की झालं. कल्पना साधी आणि खरीही आहे. जगात कोळशावर जिथं जिथं वीज होते तिथं मुळात हेच चालतं. पाणी उकळायचं, वाफेनं चाक फिरवायचं, चाकानं तारेचं भेंडोळं नाहीतर चुंबक फिरवायचा.

पहिल्याच संध्याकाळी खातेवाटप झालं. बॉयलर वहिनींकडे, कारण शेगडी, सिलिंडर आणि पाच लिटरचा कूकर त्यांचा. इलेक्ट्रिकल मनूकडे, कारण मल्टिमीटर तिच्या दप्तरात. टर्बाइन अण्णांकडे, हे सांगायला नकोच. मी शेजारी. माझं तिन्ही विषयांतलं अज्ञान सर्वमान्य असल्यामुळे माझी चौकशी अधिकारी म्हणून नेमणूक झाली.

वहिनींनी अट घातली. स्वयंपाकघर तीन ते पाच मिळेल, तेही लेखी. वीज केंद्रात चालत्या यंत्राला हात लावण्याआधी परमिट घ्यावं लागतं हे त्या नवऱ्याकडून वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या. आता त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर परमिट लिहून दिलं. कामाचं ठिकाण: ओटा, डावी शेगडी. परत करण्याची वेळ: पाच. काम संपल्यावर हत्यारं, माणसं आणि सांडलेलं पाणी हटवल्याची खात्री करून सही. अण्णांनी ते कौतुकानं वाचलं आणि म्हणाले, "उजव्या शेगडीचं आयसोलेशन लिहायचं राहिलंय."

बांधणीबद्दल मात्र अण्णांना मानलं पाहिजे. बरेच हौशी लोक कूकरची शिट्टी काढून तिथंच नळी खुपसतात, काही महाभाग सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकात स्क्रू आवळतात, आणि मग झाकण छताला भेटायला जातं. अण्णांनी जुनं झाकण घेतलं, ओळखीच्या लेथवाल्याकडून त्यात वेगळी निपल बसवून आणली. शिट्टी जागेवर, सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर. "१९२३च्या बॉयलर कायद्यात बावीस पूर्णांक पंच्याहत्तर लिटरच्या वरचं भांडं बॉयलर धरलं होतं," त्यांनी मनूला सांगितलं, "आपलं पाच लिटरचं. पण वाफेनं कायदा वाचलेला नसतो." हा माणूस मस्करी कुठं थांबवायची ते ओळखतो, ते असं.

चाक पावडरीच्या डब्याच्या झाकणाचं, व्यास १५ सेंटिमीटर. कडेनं कात्रीनं काप देऊन पाती वळवली. शाफ्टला सायकलची तान. बेअरिंग भंगारातून, पण त्यातलं ग्रीस घासलेटनं धुऊन शिलाई मशीनचं तेल घातलेलं, कारण घट्ट ग्रीस एवढ्याशा चाकाची अर्धी ताकद स्वतःच खातं. चाक फुंकरीनं फिरायला लागलं तेव्हा अण्णांनी वहीत नोंद केली: रोटर फ्री.

पहिली चाचणी. निपलपासून ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याची नळी, कारण टर्बाइन हॉल बॉयलरपासून लांब हवा हा अण्णांचा आग्रह. पाणी उकळलं. नळीतून आधी थुंकल्यासारखं गरम पाणी आलं, मग वाफ आली. नुसती फुस्स. चाक दोनचार वेढे फिरलं आणि थांबून विचार करू लागलं.

"ओली वाफ," अण्णा म्हणाले. "आणि प्रेशर नाही. बॉयलरनं लक्ष घालावं."

"बॉयलरनं सकाळी याच शेगडीवर राजमा शिजवलाय," वहिनी म्हणाल्या. "आणि ओली असेल तर तुमच्या दीड हात नळीत थंड होऊन. नळी कुणाची?"

"फ्लँजच्या पलीकडची. म्हणजे बॉयलरची."

नळीवर सुतळी गुंडाळली गेली. ओल कमी झाली, फुस्स तसंच. पुढचं निदान वहिनींचं, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातलं ते सर्वांत हुशारीचं. त्या म्हणाल्या, "अहो, मघापासून शिट्टी झाली का एकदा तरी?"

झाली नव्हती. घरचा कूकर साधारण एक किलो दाबाला शिट्टी देतो. शिट्टी नाही म्हणजे दाब त्याच्या जवळपासही गेलेला नाही. शेगडी जेवढी वाफ करते ती सगळी भल्यामोठ्या भोकातून लगेच बाहेर पडते, आत साठतच नाही. "बागेत नळीच्या तोंडावर अंगठा धरल्याशिवाय पाणी कुंपणापर्यंत जातं का?" वहिनींनी विचारलं. नळीचं तोंड सहा मिलिमीटरचं होतं. घरच्या शेगडीला सेकंदाला जेमतेम अर्धा ग्रॅम वाफ होते. एवढ्या वाफेला दीड मिलिमीटरचं भोक पुरे.

भोक कुणाच्या खात्यात? नॉझल टर्बाइनचाच भाग, हे अण्णांनाही नाकारता येईना. त्यांनी वहीत लिहिलं: 'बॉयलरची क्षमता अपुरी असल्याचे आढळून आल्याने टर्बाइन विभागाने सहकार्याच्या भावनेतून नॉझलमध्ये मॉडिफिकेशन केले.'

दुसऱ्या चाचणीला शिट्टी झाली. वहिनींनी सवयीनं "एक" म्हटलं. चाक असं भणाणलं की अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं थोडं वाफेनं. जुन्या काळी चालत्या टर्बाइनच्या बेअरिंगवर नाणं उभं करून दाखवायची पद्धत होती. नाणं पडलं नाही तर यंत्र सुरळीत. अण्णांनी खिशातून रुपया काढून लाकडी ठोकळ्यावर उभा केला. तो ताबडतोब सिंकमध्ये गेला. "फाउंडेशन," अण्णा म्हणाले. "हा कडप्पाच पोकळ बसवलाय. सिव्हिलला कळवा." सिव्हिल खातं त्या दिवशी नव्यानं स्थापन झालं आणि बिल्डरकडे सोपवलं गेलं. नंतर मनूनं चाकाच्या एका पात्याला मेणाचा ठिपका लावला आणि थरथर बरीच थांबली. त्याची नोंद वहीत नाही.

चाचणीनंतरचा विधी सांगितला पाहिजे. मोठं टर्बाइन बंद केलं की त्याचा तापलेला, टनावारी वजनाचा शाफ्ट एका जागी ठेवला तर वाकतो. म्हणून तो बारिंग गिअरवर तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवतात. अण्णा शेगडी बंद झाल्यावर स्टूल ओढून बसत आणि ते पत्र्याचं चाक तर्जनीनं हळूहळू फिरवत राहत. सायकलची तान वाकू नये म्हणून. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं चालत नसे. मनूला एकदा ही ड्यूटी दिली, तिनं एका हातानं चाक आणि दुसऱ्यानं मोबाइल फिरवला, तेव्हापासून ती काढून घेण्यात आली.

आता मोटर जोडायची. चाक सुटं असताना भणाणणारं, मोटर जोडताच दमेकऱ्यासारखं धापा टाकू लागलं. एलईडी काळाठिक्कर.

"इलेक्ट्रिकल," अण्णा म्हणाले. आवाजात समाधान होतं.

मनूनं वाकून बघितलं. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नव्हते, आणि ते एपॉक्सीनं घट्ट चिकटवलेले, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एकमेकांशी भांडत होते. तिनं ते तोडून सायकलच्या वॉलट्यूबचा तुकडा मधे बसवला. रबर थोडं वाकतं, थोडं सोसतं. चाक पुन्हा मोकळं झालं. आता प्रश्न आला, कपलिंग कुणाचं? अण्णांच्या मते इलेक्ट्रिकलचं, मनूच्या मते टर्बाइनचं. हा आमचा सीमाप्रश्न. माझ्या आयोगानं दोन दिवसांनी कपलिंगचा डावा अर्धा भाग टर्बाइनला आणि उजवा इलेक्ट्रिकलला द्यावा असा अहवाल दिला. महाजन आयोगाच्या अहवालाचं आपल्याकडे जे झालं तेच माझ्याही अहवालाचं झालं.

चाक फिरे, एलईडी लागेना. मल्टिमीटर अर्धा व्होल्टही दाखवीना. लाल एलईडीला उजळायला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात. मनूनं मग मोटर टर्बाइनपासून सोडवली आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनची ड्रिल मशीन आणून तिच्या तोंडात मोटरचा दांडा धरला. बिघाड शोधायचा तर दोन संशयित वेगवेगळ्या खोलीत बसवायचे, ही पोलिसी अक्कल या मुलीला कुठून आली कोण जाणे. ड्रिलचा वेग मिनिटाला २८०० फेरे. मीटरवर आले ०.७ व्होल्ट.

"२८०० ला पाऊण व्होल्ट सुद्धा नाही, आजोबा. म्हणजे ३००० ला पण दिवा लागणार नाही."

अण्णांचा चेहरा बघवेना. ३००० हा त्यांच्यासाठी आकडा नव्हता, कुळाचार होता. ५० हर्ट्झसाठी दोन ध्रुवांचा जनरेटर मिनिटाला ३००० फेरेच घेतो, त्यात एकाची कमी नाही. "कोळशावरचा अख्खा महाराष्ट्र ३०००वर चालतो," ते म्हणाले, "आणि तुझ्या मोटरला ते पुरत नाहीत?"

पुरत नाहीत. खेळण्यातली तीन व्होल्टची मोटर चालताना दहा हजाराच्या आसपास पळते. उलटी वापरली तर तेवढंच पळवल्यावर तेवढे व्होल्ट देणार. हवी होती संथ वेगाला जास्त व्होल्ट देणारी मोटर. भंगारवाल्याकडे जुन्या प्रिंटरमधली २४ व्होल्टची मिळाली. ती जोडली, तिसरी शिट्टी झाली, आणि एलईडी लागला. लाल, मिणमिणता, पण लागला. वहिनींनी पटकन देवघरातलं हळदकुंकू आणून मोटरला लावलं. अण्णांनी नोंद केली: 'इलेक्ट्रिकल विभागातील गंभीर दोष दूर होताच टर्बाइनने अपेक्षित कामगिरी केली.'

इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. प्रदर्शनाला एलईडी पुरेसा होता. (प्रदर्शनात शाळेनं कूकर पेटवू दिला नाही. मनूनं मोबाइलवर चित्रफीत दाखवली. दुसरा नंबर. पहिला ज्वालामुखीला.) पण अण्णांना 'लोड' घ्यायचा होता. त्यांनी माळ्यावरून सायकलच्या पुढच्या दिव्याचा सहा व्होल्ट, तीन वॅटचा बल्ब काढला. तो जोडताच चाक जे बसलं ते उठेना. बल्ब काढला की पळतं, लावला की बसतं. यात जादू काही नाही. तारेतून वीज वाहू लागली की तीच वीज फिरण्याला विरोध करते. जेवढी वीज मागाल तेवढा जोर चाकानं लावायला हवा, आणि चाकाकडे तो नव्हता.

"लोड एकदम टाकला," अण्णा. हळू टाकला. "व्हॅक्यूम नाही." मोठ्या टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ कंडेन्सरमधल्या पोकळीत जाते, म्हणून तिच्याकडून पुष्कळ जास्त काम काढता येतं, हे खरं. इथं ती ओट्यामागच्या भिंतीवर जात होती आणि रंगाचे पापुद्रे काढत होती. पण पोकळी नसल्याचा दोषही अण्णांनी बॉयलर खात्याकडे, म्हणजे वहिनींकडेच वळवला. कसा, ते मला समजलं नाही.

मग मी माझं काम केलं. बँकेतला माणूस, ताळेबंद मांडला. शेगडीची उष्णता साधारण दोन हजार वॅट. पाण्याच्या खात्यात जमा बाराशे. त्या बाराशेपैकी एक किलो दाबावरून हवेत सुटताना झोताच्या वेगात उतरू शकतात फार तर साठ. उरलेले वाफेबरोबर खिडकीतून. साठ वॅट म्हणजे सायकलचे वीस दिवे. मग एक दिवा लागत नाही, तर हे साठ वॅट मधल्यामधे खाल्ले कुणी? बॉयलरनं दिले, इलेक्ट्रिकलला मिळाले नाहीत. अफरातफर कुठल्या टेबलावर झाली हे सांगायला चौकशी अधिकारी लागत नाही, पण अण्णांसमोर ते बोलायचं कुणी?

मनूनं ते वेगळ्याच वाटेनं काढलं. तिनं अगदी साळसूदपणे विचारलं, "आजोबा, तुमच्या मोठ्या टर्बाइनला पात्यांच्या इतक्या रांगा कशाला असतात? एक चाक का नाही पुरत?"

अण्णा खुलले. हा त्यांचा विषय. नवीन आलेल्या इंजिनियर पोरांना त्यांनी तो कितीदा शिकवलेला. "अगं, वाफ भयंकर पळते. आपली ही कूकरची वाफसुद्धा नॉझलमधून सेकंदाला पावणेपाचशे मीटरच्या वर सुटते, आवाजापेक्षा वेगानं. तिची सगळी ताकद काढून घ्यायची तर पात्यानं तिच्या निम्म्या वेगानं पळायला पाहिजे. स्वीडनमध्ये द लाव्हाल म्हणून होता, त्यानं एकाच चाकावर हे केलं. मिनिटाला तीस हजार फेरे! मग ते गिअरनं कमी करावे लागत. पार्सन्ससाहेबांनी १८८४ साली डोकं चालवलं. दाब एकदम सोडायचाच नाही. पायरी पायरीनं उतरवायचा, प्रत्येक पायरीला पात्यांची एक रांग. तरी त्यांचं पहिलं यंत्र अठरा हजारावर फिरायचं. आपल्या मशीनला डझनावारी पायऱ्या, म्हणून तर ते ३०००वर ऐटीत चालतं."

"आणि एकच चाक असलं, आणि ते हळू फिरत असलं तर?"

"तर काय, वाफ पात्याला नुसती चाटून…" अण्णांचा आवाज कपलिंगपाशी अडल्यासारखा झाला. "…नुसती चाटून निघून जाते. ताकद तशीच… बरोबर घेऊन."

"किती फेरे लागतील आपल्या चाकाला?"

"पंधरा सेंटिमीटर व्यास… तीस हजार." आता ते पुटपुटत होते. "पण त्याच्या आधीच पत्र्याच्या चिंध्या होतील."

"आणि आपलं फिरतं हजारावर," मनू म्हणाली. "शंभरातले चार-पाचसुद्धा हाताला लागत नसतील."

वहिनी परातीत कणीक घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिहून घे गं, आजोबांच्या वहीत."

बराच वेळ कुणी बोललं नाही. अण्णांनी चष्मा पुसला. चाक तर्जनीनं दोनदा फिरवून पाहिलं. मला वाटलं, झालं, हा माणूस आता कबूल करणार, आणि खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटलं. एवढ्या वर्षांची हेल्दी परंपरा एका पावडरीच्या डब्यापायी मोडणार. पण मी अण्णांना पुरतं ओळखलं नव्हतं.

"हा मेंटेनन्सचा फॉल्ट नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. "हे डिझाइन आहे. डिझाइन आमच्याकडे नसतं."

"मग कुणाकडे असतं?" वहिनींनी विचारलं.

"डिझाइन ऑफिसकडे. आम्ही फक्त पत्र लिहू शकतो."

आणि त्यांनी खरोखरच लिहिलं. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं रीतसर. सध्याच्या एकेरी चाकाऐवजी किमान तीन पायऱ्यांचं चाक मिळावं, पाती सपाट न ठेवता वाटीसारखी असावीत, म्हणजे झोत मागे वळून जास्त जोर देईल, तसंच व्यास व वेग यांचा मेळ तपासावा, अशी मागणी केली. मागण्या एकूणएक योग्य होत्या. चाकाचं चित्र ज्या वहीत पहिल्या दिवशी काढलं होतं त्याच वहीच्या मागच्या बाजूला डिझाइन ऑफिस उघडलं गेलं. पत्र आवक क्रमांक एक.

पुढच्या आठवड्यात मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो तेव्हा अण्णांनी मला उत्तर दाखवलं. अक्षर तेच, शाई फक्त हिरवी, कारण डिझाइनवाले दर्जानं वरचे. एकच ओळ होती: 'टर्बाइनच्या रचनेत दोष आढळत नाही, वाफ ओली येत असल्याची शक्यता नाकारता येत नसल्याने कृपया बॉयलर विभागाकडे विचारणा करावी.'